सत्तरीनंतर फुप्फुसाचा कर्करोग: दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आयुष्मान वय वंदना कार्ड

‘आता या वयात कशाला ऑपरेशन?’ घरातल्या ज्येष्ठांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला की हा प्रश्न येतोच. मात्र केवळ वयामुळे शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. गाठ किती पसरली आहे आणि हृदय व फुप्फुसे किती सक्षम आहेत, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय?
यात बरगड्या फाकवून छाती उघडत नाहीत. लहान छेदांतून कॅमेरा व उपकरणे आत घालून फुप्फुसाचा रोगग्रस्त भाग काढतात. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) या पद्धतीने वेदना व गुंतागुंत कमी झाली आणि रुग्णालयातील मुक्काम साधारण ५ ऐवजी ४ दिवसांवर आला.

कोणाला उपयोगी?
मुख्यतः प्राथमिक टप्प्यातील रुग्णांना. त्याआधी पेट-सीटी, इको आणि श्वसनक्षमतेची चाचणी करतात. बिडी-सिगारेट लगेच बंद करावी. खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर तपासणी करा. क्षयरोगाचे औषध सुरू असूनही फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

खर्चासाठी कोणती योजना?
२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांचा समावेश आहे. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचाराची तरतूद आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी नाही. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ५ लाखांचे जादा संरक्षण आहे. नोंदणी आधार कार्डावर, आयुष्मान ॲपमधून होते.

तुम्ही मैसुरूत राहत असाल तर
जयलक्ष्मीपुरममधील मराठी कुटुंबांनी लक्षात घ्यावे: कर्नाटकात ही योजना राज्याच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेशी जोडून राबवली जाते. तातडीची वेळ सोडल्यास खासगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. वय वंदना कार्ड आपल्या भागात कसे वापरता येईल, हे १४५५५ या क्रमांकावर आधी विचारा.

दाखल होण्यापूर्वी
- रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे तपासा.
- दुर्बिणीची शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्रांना विचारा.
- पूर्वमंजुरी मिळाल्याची खात्री करा.

कार्ड आजारपणाची वाट न पाहता आजच काढा. उपचाराचा निर्णय मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.