खेळाच्या राज्यातले न्यायासन

मुंबई–गोवा महामार्गाला रत्नागिरीची वाट जिथे मिळते, तो हातखंब्याचा तिठा कोकणात जाणाऱ्या कोणाला ठाऊक नाही? एक रस्ता मुंबईला, दुसरा गोव्याला, तिसरा रत्नागिरीला. पण इथल्या एखाद्या मुलाचे नाव क्रिकेटमध्ये गाजू लागले, तर त्याला मुंबईचा रस्ता उपयोगी नाही. त्याची वाट रत्नागिरीवरून पुण्याला जाते! कारण रत्नागिरी जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत मोडतो. मुंबईची संघटना निराळी, नागपूरच्या विदर्भाची निराळी. राज्य एक, पण संस्थाने तीन!

या तीन संस्थानांचा वाद थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वाचक म्हणतील, खेळात न्यायालयाचे काय काम? पंच असतोच की! खरे आहे, पण तो मैदानापुरता. खेळाडू निवडणारे आणि पैसा वाटणारे जे मंडळ, त्याचा पंच कोण?

2013 मध्ये आयपीएलमधील सट्टेबाजीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष ज्या कंपनीचे चालक होते, तिचाच एक संघ स्पर्धेत खेळत होता. आता चौकशी कोणी कोणाची करायची? 22 जानेवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मंडळ खासगी असले तरी काम सार्वजनिक करते, तेव्हा त्याला न्यायालयात जाब विचारता येईल. पदाधिकाऱ्यांना संघांत हितसंबंध ठेवू देणारा नियमही रद्द झाला.

पुढे निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या समितीने सुधारणा सुचवल्या आणि 18 जुलै 2016 रोजी न्यायालयाने त्यांतील बहुतेक मान्य केल्या. त्यांत एक होती ‘एक राज्य, एक मत’. ऐकायला किती न्याय्य! पण त्यामुळे गोव्याचे मत अख्खे राहिले आणि तोवर 41 वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईला पुणे-नागपूरबरोबर पाळीपाळीने मत देण्याची वेळ आली. अखेर 9 ऑगस्ट 2018 रोजी न्यायालयानेच तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी विदर्भाने आपला पहिला रणजी करंडक उचलला होता.

मधल्या काळात, जानेवारी 2017 पासून ऑक्टोबर 2019 पर्यंत, न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांनीच मंडळ चालवले. पंचाने फलंदाजीला उतरावे, तसाच हा प्रकार! रोग्याला औषध द्यावे, पण वैद्याने त्याच्या घरीच बिऱ्हाड करू नये. न्यायालयाचे टिकाऊ काम निराळेच आहे. मंडळाच्या नव्या घटनेत स्वतंत्र लोकपाल आला. शिखर परिषदेत खेळाडूंचे दोन प्रतिनिधी आले, एक पुरुष आणि एक स्त्री.

हातखंब्याच्या मुलामुलींना दिल्लीचे न्यायालय बहुधा कधी पाहावे लागणार नाही, आणि लागूही नये. मात्र निवड करणाऱ्यांवरही कोणीतरी आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे आईबापांना मुलाच्या हाती बॅट देताना धास्ती वाटत नाही. कारण हरल्याचे दुःख मुले चार दिवसांत विसरतात. आपल्याला कोणी खेळूच दिले नाही, हे मात्र जन्मभर विसरत नाहीत.