हरभऱ्याचा वाळवलेला पाला
बुलढाण्याकडे रब्बीचा हरभरा फुलावर येण्याआधी कोवळे शेंडे खुडतात. झाडाला फांद्या जास्त फुटतात, घराला बेगमीची भाजी मिळते. हा पाला धुवायचा नाही. त्याची आंबट चव पानांवरच्या मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. ती पाण्याबरोबर जाते. (म्हणूनच फवारलेल्या शेतातला पाला नकोच.) सावलीत, कापडावर पातळ पसरावा, कडक उन्हात रंग उडतो. हिवाळ्यातली कोरडी हवा निम्मं काम करते. पान चुरलं म्हणून फसू नये. ओल देठात दडते, बुरशी तिथूनच धरते. देठ कडकन मोडला की हवाबंद डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावा. पुदिना, कढीपत्ताही असाच टिकतो, मात्र आधी धुऊन, पाणी पूर्ण निथळून. उन्हाळ्यात मूठभर पाला, बेसन, लसूण आणि लाल मिरची एवढ्यावर भाकरीची सोय होते.