बारावीनंतर लेकीचं कॉलेज कोण ठरवतं?



मागच्या जूनमधली गोष्ट. राळेगाव तालुक्यातल्याच एका गावात मी समूहाच्या बैठकीला बसले होते. पेरणीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांनाच बियाण्यासाठी कर्ज हवं होतं. एका ताईंनी मात्र वीस हजार मागितले पोरीच्या ॲडमिशनसाठी. नर्सिंगला लागली म्हणाल्या. सगळ्यांना आनंद झाला. अध्यक्षताईंनी सहज विचारलं, "कोणतं कॉलेज?" तर त्या म्हणाल्या, "नाव नाई सांगता येत बाई. गावात एक सर आले होते, त्यायनंच सगळं केलं. टी.सी. बी त्यायच्याजवळच हाय."

पुढे कळलं की कॉलेज दूरच्या जिल्ह्यात होतं आणि जो कोर्स सांगितला होता त्याला नर्सिंग कौन्सिलची मान्यताच नव्हती. दोन चकरा मारून कागद परत मिळाले. आगाऊ दिलेले पैसे अर्धेच आले. तोवर नर्सिंगचे खरे प्रवेश संपले होते, म्हणून ती मुलगी आता बी.ए. करते. हुशार आहे, करेलच काहीतरी. पण तिचं कॉलेज तिनं निवडलं नाही, आईनं निवडलं नाही, समूहानं तर नाहीच. ते एका अनोळखी माणसानं निवडलं.

तेव्हापासून मी गावागावांत मुलींना एकच प्रश्न विचारते, तू हेच कॉलेज का घेतलं? "तिथला अभ्यास चांगला आहे" असं उत्तर क्वचितच येतं. मैत्रीण तिथे गेली. बस तिथेच जाते. भाऊ म्हणाला. सायबर कॅफेवाल्या दादानं तेच भरलं. हसू नका, मीही त्यातलीच. एम.एस.डब्ल्यू.चा फॉर्म मैत्रिणीनं भरला म्हणून मी भरला. होस्टेल होतं, आईनं हो म्हटलं. माझं बरं झालं, पण ते नशिबानं.

या कारणांमध्ये सगळ्यात मोठं कारण बस आहे, असं माझं मत झालंय. बारावीपर्यंत गावातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. बारावी झाली की तो बंद. घरात ही गोष्ट जुलैमध्ये कळते आणि तिथेच वादाला सुरुवात होते. खरं तर पुढेही विद्यार्थी पास मिळतो. त्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. महिलांचं अर्धं तिकीट (२०२३ पासूनचं) त्याहून महाग पडतं. रोज जाणाऱ्या मुलीनं अर्ध्या तिकिटावर जाऊ नये, पासच काढावा. पण पैशापेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळची बस चुकली तर पहिले दोन तास गेले, आणि संध्याकाळची शेवटची बस गावात किती वाजता येते यावरच बाप हो की नाही म्हणतो. म्हणून कॉलेज ठरवण्याआधी एक दिवस स्वतः त्या बसनं जाऊन या. मुलीसोबत आईनं जावं. स्टँडपासून कॉलेज किती लांब, मुलींसाठी संडास आहे का, होस्टेलच्या दाराशी कोण बसतं, हे फोनवर कळत नाही.

दुसरी गोष्ट विद्यापीठाची. पुष्कळ ताई विचारतात, कॉलेज आणि विद्यापीठ वेगळं असतं का? हो. शिकवतं कॉलेज, पण डिग्री देतं विद्यापीठ. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली साधी कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९८३ मध्ये सुरू झालं. त्याआधी आपला भाग नागपूर विद्यापीठात होता, म्हणून घरातल्या जुन्या माणसांच्या डिग्रीवर नागपूर दिसतं. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, आणि तिथली कॉलेजं आजही नागपूर विद्यापीठाची. नदीकाठच्या गावांना हिंगणघाट जवळ वाटतं. तिथे जायला हरकत काहीच नाही. फक्त मधेच एखाद्या वर्षी विद्यापीठ बदलायचं ठरलं तर मायग्रेशनचा दाखला लागतो आणि विषय जुळले नाहीत तर त्रास होतो. इंजिनिअरिंगला आणखी एक भानगड आहे. तिथे बऱ्याच कॉलेजांत जागांचा मोठा वाटा त्याच विद्यापीठाच्या भागात बारावी झालेल्यांसाठी असतो. म्हणून अकरावीला दूर पाठवतानाच हे लक्षात ठेवावं.

सायबर कॅफेचं सांगायचं राहिलं. सरकारी प्रवेश फेरीत कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमानं भरतात. हा क्रमच सगळं ठरवतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, मग नंतर "हे नको होतं" म्हणून भागत नाही. यादी घरी वहीत लिहा, मग कॅफेत जा. दादानं सुचवलं तरी क्रम बदलायचा नाही.

आता पैसा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफ झाली. अट अशी की प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. एससी, एसटी मुलींना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटीवर. पण ताईंनो, यात राहण्या-जेवण्याचा खर्च सुटत नाही, आणि घर तिथेच अडतं. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आपल्याकडच्या कोलाम, गोंड, परधान घरांनी स्वयंबद्दल पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात विचारावं. पैसे उशिरा येतात हे खरं आहे. पहिले काही महिने हातात काही नसतं, आणि माझ्या मते समूहाचं अंतर्गत कर्ज इथेच कामाला यावं. एजंटच्या हातात देण्यासाठी नाही.

जात वैधता मात्र आजच टाका. अकरावीलाच अर्ज करता येतो. दरवर्षी जुलैमध्ये दोन-तीन मुली याच कागदासाठी रडताना मी बघते.

"मूळ कागद जमा करा" असं कोणी म्हटलं तर? तपासून परत द्यायचे असतात. यूजीसीचा नियम आहे की कॉलेजनं मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आधी बघायची, कारण नोंदणी झाली नाही तर नर्स म्हणून काम करता येत नाही. पावती न देणाऱ्याला एक रुपयाही नाही.

आणि लग्न. "तीन वर्षं कोण थांबेल?" हा प्रश्न बैठकीत कोणी उघड विचारत नाही, पण असतो. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री अशी सोय आहे. मी हे सांगायला थोडी घाबरते, कारण काहींना ते मधेच थांबवण्याचं निमित्त वाटतं. पण ज्या मुलीचं शिक्षण खरंच सुटतंय तिला हातात काहीतरी राहतं, पुढे परत सुरूही करता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. आपल्या समूहांतल्याही कितीतरी जणी तिथे नाव घालू शकतात.

त्या पहिल्या बैठकीत वीस हजारांचा ठराव झाला नाही. त्या ताई माझ्यावर रागावल्या होत्या, दोन आठवडे बोलल्या नाहीत. या वर्षी त्यांची धाकटी बारावीला आहे. परवा रस्त्यात भेटल्या, पिशवीतून वही काढून दाखवली. पाच कॉलेजांची नावं, पुढे विद्यापीठ, पुढे बसची वेळ. दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. तिसऱ्याची वेळ लिहायची राहिली होती, ती मला विचारत होत्या.

तुमच्या समूहात बारावीची मुलगी असेल तर पुढच्या बैठकीच्या नोंदवहीत तिचं नाव लिहून ठेवा. निकालाच्या आठवड्यात मी प्रभागसंघाच्या कार्यालयात रोज दुपारी असेन. येताना मार्कशीट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि मुलीला सोबत आणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, राळेगाव