आर्थिक बचाव योजना आणि करसवलतींची तडजोड : अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याचा अभ्यास

प्रस्तावना

आर्थिक अरिष्टाच्या काळात शासनाला त्वरेने निर्णय घ्यावे लागतात. तथापि लोकशाहीत सार्वजनिक निधी खर्च करण्यासाठी विधिमंडळाची संमती अपरिहार्य असते आणि ही संमती अनेकदा देवाणघेवाणीतून मिळते. अमेरिकेत ३ ऑक्टोबर २००८ रोजी अमलात आलेला आणीबाणी आर्थिक स्थिरीकरण कायदा हे याचे ठळक उदाहरण होय. बँका वाचविण्याच्या कायद्यात करसवलती कशा आल्या, त्यांनी काय साधले आणि त्यासाठी कोणते तत्त्व बाजूला सारले गेले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी फेडरल रिझर्व्हने एआयजी या विमा कंपनीस ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले. त्यानंतर अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी गृहकर्जांवर आधारित बुडीत रोखे विकत घेण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची मागणी केली. त्यांचा मूळ प्रस्ताव अवघ्या तीन पानांचा होता आणि अर्थमंत्र्यांच्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे कलम त्यात होते. काँग्रेसने हे कलम स्वीकारले नाही. देखरेख यंत्रणा, टप्प्याटप्प्याने निधी आणि बँक अधिकाऱ्यांच्या मानधनावर मर्यादा अशा अटी घालून विधेयक विस्तारण्यात आले.

तरीही २९ सप्टेंबर रोजी प्रतिनिधिगृहाने ते २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. विरोधकांत १३३ रिपब्लिकन आणि ९५ डेमोक्रॅट सदस्य होते. पाच आठवड्यांवर निवडणूक आली असताना बँकांना जनतेचा पैसा देणे अनेकांना परवडणारे नव्हते. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला.

रखडलेले करविधेयक

याच सुमारास काँग्रेसपुढे एक वेगळा वाद प्रलंबित होता. मुदत संपलेल्या वा संपत आलेल्या अनेक करसवलतींना मुदतवाढ द्यावी, याबद्दल दोन्ही सभागृहांत फारसे दुमत नव्हते. मतभेद होता तो महसुलाच्या हानीबाबत. प्रतिनिधिगृहाने जानेवारी २००७ मध्ये असा नियम स्वीकारला होता की, कोणतीही करकपात करावयाची तर तिची भरपाई अन्य मार्गाने केली पाहिजे. वित्तीय शिस्तीचा आग्रह धरणारा ‘ब्लू डॉग’ डेमोक्रॅट गट या नियमाचा खंबीर पुरस्कर्ता होता. उलट सिनेटमधील रिपब्लिकन सदस्यांचा, जुन्याच सवलती चालू ठेवण्यासाठी नवे कर लावण्यास विरोध होता. सिनेटने २३ सप्टेंबर रोजी आपले करविधेयक ९३ विरुद्ध २ मतांनी संमत केले होते. मात्र त्यात संपूर्ण भरपाईची तरतूद नसल्याने प्रतिनिधिगृहाने ते त्या स्वरूपात स्वीकारले नाही. कोंडी कायम राहिली.

सिनेटचा मार्ग

बचाव विधेयक फेटाळले गेल्यानंतर सिनेटने हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधले. अमेरिकी राज्यघटनेनुसार महसुली विधेयकाचा आरंभ प्रतिनिधिगृहातच व्हावा लागतो. सिनेटला त्यात दुरुस्त्या सुचविता येतात. म्हणून प्रतिनिधिगृहाने आधीच संमत केलेले मानसिक आरोग्य विम्याविषयीचे एक विधेयक निवडण्यात आले आणि त्यालाच दुरुस्तीच्या रूपाने बचाव योजना व करसवलती जोडण्यात आल्या. १ ऑक्टोबर रोजी हे विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी संमत झाले. अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, बराक ओबामा आणि जॉन मॅक्केन, यांनी त्याच्या बाजूने मत दिले.

वरकरणी करसवलतींनी बचाव योजनेला तारले, असे दिसते. वस्तुतः उलट प्रवासही तितकाच खरा आहे. जे करविधेयक स्वबळावर प्रतिनिधिगृह ओलांडू शकत नव्हते, ते बचाव योजनेच्या आधाराने पार पडले. बाजार कोसळत असताना भरपाईच्या नियमासाठी संपूर्ण विधेयक अडविण्याची जबाबदारी घेणे प्रतिनिधिगृहाला शक्य नव्हते.

तरतुदींचे तीन प्रकार

जोडलेल्या तरतुदी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पहिला प्रकार संकटाशी थेट संबंधित होता. बँक ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलर करण्यात आली. ही करसवलत नव्हती. ठेवीदारांचा विश्वास टिकविण्याचा तो उपाय होता.

दुसरा प्रकार व्यापक परंतु संकटाशी असंबद्ध होता. श्रीमंतांनी कर चुकवू नये म्हणून आणलेला पर्यायी किमान कर महागाईशी जोडलेला नसल्याने मध्यमवर्गापर्यंत पोहोचू लागला होता. दोन कोटींहून अधिक करदात्यांना त्यापासून वाचविण्यासाठी २००८ पुरती सूट-मर्यादा वाढविण्यात आली. पवन व सौर ऊर्जेच्या तसेच संशोधन खर्चावरील सवलतींनाही मुदतवाढ मिळाली.

तिसरा प्रकार विशिष्ट हितसंबंधांचा होता. मुलांच्या खेळण्यातील लाकडी बाणांना उत्पादन शुल्कातून सूट, मोटार शर्यतींच्या मैदानांसाठी जलद घसारा आणि पोर्तो रिको व व्हर्जिन बेटांना रम मद्यावरील कराचा वाढीव परतावा या तरतुदी त्यात होत्या. रकमेच्या दृष्टीने त्या किरकोळ असल्या तरी जनमानसात कायद्याची प्रतिमा त्यांनीच मलिन केली.

मतपरिवर्तन आणि किंमत

३ ऑक्टोबर रोजी प्रतिनिधिगृहाने विधेयक २६३ विरुद्ध १७१ मतांनी संमत केले व त्याच दिवशी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वाक्षरी केली. बाजूची मते ५८ ने वाढली. या बदलाचे सर्व श्रेय करसवलतींना देणे योग्य नाही. बाजाराची पडझड, निवृत्तिवेतनाच्या गुंतवणुकीविषयी मतदारांची चिंता आणि ठेव विम्यातील वाढ ही कारणेही प्रभावी होती. करसवलतींनी मुख्यतः मत बदलण्यासाठी सांगण्याजोगे कारण पुरविले.

या तडजोडीची किंमत कालांतराने स्पष्ट झाली. ७०० अब्ज डॉलरपैकी प्रत्यक्षात सुमारे ४४३ अब्ज खर्च झाले. बँकांकडून बहुतांश रक्कम लाभासह परत आली. तोटा प्रामुख्याने एआयजी, मोटार उद्योग आणि गृहकर्जदारांच्या साहाय्यात झाला. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या अंदाजानुसार योजनेचा निव्वळ खर्च सुमारे ३१ अब्ज डॉलर ठरला. याउलट करविषयक तरतुदींमुळे दहा वर्षांत होणारी महसूलहानी शंभर अब्ज डॉलरहून अधिक अंदाजिली गेली होती. त्यांतील मोठा भाग पुढेमागे संमत झालाच असता, हे मान्य केले तरी फरक उरतोच. कर्ज व भागभांडवल परत येते. सोडून दिलेला कर परत येत नाही.

भारतीय पद्धतीशी तुलना

भारतात अनुच्छेद १०९ नुसार धनविधेयकावर राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते आणि त्या नाकारण्याचा अधिकार लोकसभेला आहे. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सदस्याला पक्षादेशाविरुद्ध मत देणे कठीण असते. त्यामुळे अशी सौदेबाजी भारतात झालीच तर ती विधेयक सभागृहात येण्यापूर्वी, पक्षांतर्गत वा आघाडीतील चर्चेत होते. अमेरिकेत ती कायद्याच्या कलमांत उमटते. तेथील दृश्य विसंगत भासले तरी देवाणघेवाणीची नोंद नागरिकांना वाचता येते, ही त्याची जमेची बाजू होय.

निष्कर्ष

२००८ च्या तडजोडीने कायदा संमत होण्याचा मार्ग मोकळा केला, हे निर्विवाद आहे. परंतु संकटाने निर्माण केलेली निकड ही स्वतःच एक राजकीय साधन बनते आणि तिच्या आडून असंबद्ध निर्णयही पार पडतात, हा या प्रकरणाचा मुख्य बोध आहे. लाकडी बाणांच्या सवलतीवर बरीच टीका झाली. त्या तुलनेत भरपाईच्या नियमाचा त्याग दुर्लक्षित राहिला. तडजोडीचे मूल्यमापन करताना तिने कोणाला काय दिले, याबरोबरच तिच्यासाठी कोणता नियम मोडला गेला, हेही तपासणे आवश्यक ठरते.