पाट्या रंगवणाऱ्या हातांसाठी तैलचित्राचा धंदा

महाड-पोलादपूरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवून घर चालवणारे पेंटर पूर्वी बरेच होते. 2000 सालानंतर फ्लेक्सची छपाई आली आणि त्यांचे काम आटत गेले. ब्रश मात्र त्यांच्या हातात अजून बसलेला आहे. या बांधवांनी व्यक्तिचित्राकडे वळावे असे आम्हांस वाटते. शाळा, पतपेढ्या, वाचनालये यांना शिवाजी महाराजांची, डॉ. आंबेडकरांची, संस्थापकांची तैलचित्रे आजही लागतात.

शिकायचे कसे? जुन्या उस्तादाच्या एका चित्राची नक्कल करून. राजा रविवर्मा तैलरंग शिकले ते बरेचसे दुसऱ्याचे काम पाहूनच. त्रावणकोर दरबारी आलेला युरोपीय चित्रकार थिओडोर जेन्सन शिकवायला तयार नव्हता. नुसते पाहू दिले, तेवढ्यावर त्यांनी भागवले.

एकच चेहरा आणि गडद पार्श्वभूमी असलेले चित्र निवडावे. छापील प्रतीवर चौकटी आखाव्यात, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या करून आखाव्यात. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनने पातळ करून आधी फक्त उजेड आणि सावली मांडावी. ती सुकल्यावर पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड आणि काळा, एवढ्या चार रंगांत कातडीचा रंग साधावा. पाटीवाल्याची खरी अडचण पुढे येते. अक्षराची कड धारदार लागते. गालाची कड सावलीत विरून जावी लागते. इनॅमल एका रात्रीत सुकतो, तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, म्हणूनच दोन रंग एकमेकांत मुरवता येतात. खालचे थर पातळ, वरचे जवसाच्या तेलाचे. उलट केले तर चित्राला भेगा पडतात. व्हार्निशला सहा महिने तरी थांबावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवाव्यात.

छापील प्रतीचे रंग फसवे असतात, तेव्हा एकदा अस्सल चित्र पाहावे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पुढे सातारा आणि तिथून औंध. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. भाड्याचे पैसे वसूल होतात.

चेहरा रंगवावा की नाही याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. ज्यांना तो नको, त्यांना निसर्गचित्रात हीच रीत चालते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन 1931) जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि निसर्गचित्रांसाठी नावाजले गेले.

विकताना मात्र सावध असावे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क चालतो. रविवर्मा 1906 मध्ये वारले, त्यांची नक्कल खुशाल विकावी. दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढणारे सावळाराम हळदणकर 1968 मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवर 2028 अखेरपर्यंत हक्क आहे. ती सरावापुरती करावीत, दुकानात टांगू नयेत. नकलेवर उस्तादाची सही कधीच करू नये. मागच्या बाजूला ‘नक्कल’ असे लिहून आपले नाव आणि साल घालावे, आणि गिऱ्हाइकाला ते पैसे घेण्याआधी दाखवावे.