हॅलोवीनची रात्र आणि ख्रिस्ती घर

बेळगावातील आमच्या परिचयाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांची कन्या गेली काही वर्षे अमेरिकेत राहते. एका ऑक्टोबरात तिने दूरध्वनीवरून वडिलांना एक पेच घातला. तिच्या सात वर्षांच्या मुलाला शाळासोबत्यांप्रमाणे ३१ तारखेच्या संध्याकाळी सोंग घेऊन शेजारपाजारी खाऊ मागावयास जायचे होते. आणि ज्या मंडळीत हे कुटुंब उपासनेस जाते, तेथील पाळकांनी तर उपदेशात बजावून सांगितले होते की, हा सण सैतानाचा आहे, ख्रिस्ती माणसाने त्या रात्री दारावरचा दिवासुद्धा लावू नये. "बाबा, मी त्याला पाठवू की नको?" असा तिचा प्रश्न होता.

प्रश्न एका घरातला. परंतु त्याच्यामागे फार जुना वाद उभा आहे, आणि तो वाद आपल्याला वाटतो तितका परका नाही. म्हणून आज त्याचा थोडा उलगडा श्रोत्यांपुढे करावा असे योजिले आहे.

प्रथम नावाकडे पाहू. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र पुरुष, संत. आणि 'ईन' हे संध्याकाळ या अर्थाच्या शब्दाचे झिजलेले रूप. तेव्हा हॅलोवीन म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. पश्चिमेकडील ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आहे. ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांचा तो आहेच. पण ज्या सत्पुरुषांची नावे काळाने पुसून टाकली, ज्यांच्या वाट्याला वर्षातला एकही दिवस आला नाही, त्यांचाही तो आहे. आपल्याकडे ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. दोहोंमागील श्रद्धा वेगळ्या असल्या, तरी कोणी विसरला जाऊ नये ही काळजी तीच. क्लुनी येथील मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. म्हणजे हॅलोवीन हे तीन दिवसांच्या एका स्मरणपर्वाचे दार आहे. आज पुष्कळांना दार तेवढे ठाऊक आहे; आतले घर त्यांनी पाहिलेले नसते.

मग सैतान कोठून आला? आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे : आयर्लंडातील केल्टिक लोक याच सुमारास 'साव्हिन' नावाचा सण पाळीत, त्या रात्री परलोकाची दारे उघडतात असे ते मानीत, रोमच्या पोपने तोच दिवस उचलून त्यावर संतांचे नाव चिकटविले. साव्हिन हा सण होता यात शंका नाही. उन्हाळा संपला, गुरे माळावरून घरी आणली, हिवाळा लागला, असा तो ऋतुसंधीचा काळ. जुन्या आयरिश कथांत त्या रात्रीच्या अद्भुत गोष्टी आहेत. परंतु तो मृतांचा सण होता, हे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आणि त्यानंतरच्या पंडितांचे अनुमान आहे. इंग्लंडचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा पुरावा तपासून तो किती तोकडा आहे ते दाखविले. त्यातली एक गोष्ट तर मोठी मौजेची आहे. इ. स. ८०० च्या सुमारास आयर्लंडातील ख्रिस्ती लोक सर्व संतांचा सण २० एप्रिलला पाळीत होते! १ नोव्हेंबरचा दिवस त्या काळी दिसतो तो इंग्लंडच्या उत्तर भागात आणि जर्मन मुलुखात. आयरिश लोकांचा सण गिळण्यासाठी हा दिवस योजिला असता, तर तो आयर्लंडातच सर्वांआधी दिसावयास नको काय?

तथापि घटकाभर आक्षेप खरा धरू. एखादा आचार पूर्वी दुसऱ्या देवतेचा होता, एवढ्यानेच तो कायमचा बाटतो काय? इ. स. ६०१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मोपदेशकाला पत्र पाठविले, ते बीड या इतिहासकाराने जपून ठेविले आहे. त्याचा आशय असा की, मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका. तेथेच खऱ्या देवाची उपासना होऊ द्या, आणि लोक बळी देऊन मेजवान्या करीत होते, तर त्यांना देवाचे आभार मानून मेजवान्या करू द्या. याच्या अगदी उलट टोकाला प्युरिटन पंथाचे लोक. जे बायबलात सांगितले नाही ते पाळावयाचे नाही, हा त्यांचा नियम. १६४५ साली वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेच्या उपासनाविधीने सारेच सण बाद केले, आणि १६५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठोठावला. तो कायदा बावीस वर्षे टिकला. मला हे लोक कठोर वाटतात. पण ते निदान सुसंगत होते. आज जे पाळक हॅलोवीनला मूर्तिपूजकांचा म्हणून नाकारतात आणि महिन्या-दोन महिन्यांत चर्चमध्ये नाताळचे झाड उभे करतात, त्यांना प्युरिटनांनी चांगलेच फैलावर घेतले असते.

आता खाऊ मागण्याच्या चालीकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गरीब लोक आणि मुले घरोघर जात, घरधनीण त्यांना लहानशी गोड पोळी देई, आणि घेणारा त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करी. देणे आणि प्रार्थना हा एकच व्यवहार होता. पुढे धर्मसुधारणा आली. योगायोग असा की तिचा आरंभही याच तारखेचा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपले प्रबंध पुढे मांडले. आणि विटेनबर्गच्या ज्या किल्ल्यातील चर्चशी ती घटना जोडली जाते, ते सर्व संतांच्या नावाचेच चर्च. मृतांच्या आत्म्यांसाठी पैसे घेऊन क्षमापत्रे विकली जात होती, तिच्याविरुद्ध ही तक्रार होती. त्या तक्रारीतून पुढे शुद्धिस्थानाची शिकवणच प्रॉटेस्टंटांनी सोडली, आणि मृतांसाठी प्रार्थनाही सोडली. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात सर्व संतांचा दिवस राहिला, मृतांचा दिवस गळाला. पोळी मात्र गळाली नाही. प्रार्थना गेली, मागणे उरले. आणि मागण्याचा हळूहळू खेळ झाला.

हा खेळ आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये जोमाने टिकला. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात दुष्काळ झाला, लक्षावधी माणसे अमेरिकेस गेली, आणि त्यांच्याबरोबर ही रात्रही गेली. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत लाल भोपळा मुबलक, मोठा आणि कोरावयास मऊ. (आपल्याकडे भोपळ्यात बसून म्हातारी लेकीकडून परत येते, तिकडे त्याला डोळे फुटतात!) पुढे अमेरिकन शहरांतून त्या रात्री पोरांचे दांडगावे इतके वाढले, काचा फुटणे आणि फाटके पळविणे इतके नित्याचे झाले, की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात शेजाऱ्यांनी मुलांशी एक प्रकारे तहच केला : खाऊ घ्या आणि खोड्या सोडा. महायुद्धानंतर साखरेवरील नियंत्रण १९४७ साली उठले आणि तो तह देशभर पक्का झाला. १९५० साली फिलाडेल्फियातील एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या कुटुंबाने मुलांकडून खाऊऐवजी जगातील गरजू बालकांसाठी पैसे गोळा करविले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने ती प्रथा पुढे चालविली. सैतानाच्या म्हटल्या जाणाऱ्या रात्री एका पाळकाच्या घराने हे केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मूळ शोधून आचार बाद करावयाचा म्हटले की कोठे थांबावे हे कळत नाही, याचा दाखला आपल्या जवळच गोव्यात आहे. तेथील धर्मन्यायासनाने १७३६ साली एक फर्मान काढून एतद्देशीय ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी चालींवर बंदी घातली. अंगणात तुळस नको, लग्नात जुनी गाणी नकोत, हळद नको, धोतर नको. फार काय, मीठ न घालता भात शिजविणेही नको! आणि तरीही गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालण्याचा 'रोस' चालू राहिला, आणि पूर्वजांची आठवण ठेवून गोरगरिबांना वाढण्याचे 'भिकाऱ्यांचें जेवण'ही चालू राहिले. इंग्लंडमधील ती गोड पोळी आणि हे जेवण यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आणि भयानक सोंगांविषयी म्हणाल, तर गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री मुले नरकासुराचा अक्राळविक्राळ पुतळा मिरवितात. तो पाहून ही मुले नरकासुराची भक्त आहेत असे कोणी म्हणत नाही. पहाटे त्याला जाळावयाचे असते.

तर मग पाळकांचे सारेच म्हणणे फोल समजावयाचे काय? मी तसे म्हणणार नाही. याबाबत ख्रिस्ती माणसाला मार्गदर्शक असे वचन शोधावयाचे, तर ते पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. करिंथ शहरात बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा आधी देवळात वाहिलेले असे. ते खावे की न खावे? पौलाचा विचार दुपदरी आहे. मूर्ती ही काही शक्ती नव्हे, तेव्हा बाजारातले मांस विचारपूस न करता खावे. परंतु देवळातल्या भोजनाला बसून त्या पूजेत वाटेकरी होऊ नये. आणि ताटावर बसलेला कोणी "हा नैवेद्य आहे" असे सांगेल, तर त्याच्या मनासाठी ते खाऊ नये. म्हणजे वस्तू कोठून आली यापेक्षा आपण कोणत्या कृत्यात सामील होतो, आणि आपल्यामुळे कोण अडखळतो, याला महत्त्व.

ही कसोटी लावली की आक्षेपांची निवड होते. जुन्या हॅलोवीनमध्ये शकुन पाहण्याचे पुष्कळ प्रकार होते : शेगडीत शेंगदाण्याएवढी फळे भाजून कोणाचे लग्न जमेल ते पाहणे, सफरचंदाच्या सालीवरून नवऱ्याचे आद्याक्षर ओळखणे. आज त्या रात्री कोठे कोठे मृतांशी बोलण्याच्या फळ्या मांडून बसतात. पुष्कळांना तो विनोद वाटतो. परंतु भविष्य विचारणे आणि मृतांना बोलाविणे यांस अनुवादाच्या पुस्तकात स्पष्ट मनाई आहे, आणि तेथे ख्रिस्ती माणसाने पाय मागे घेतला तर त्यात चुकीचे काही नाही. दुसरे असे की, कित्येक मंडळ्यांतून अशी माणसे येतात, ज्यांच्या घरात कालपरवापर्यंत अंगात येत होते, ज्यांनी भुताखेतांच्या भीतीत वर्षे काढली आहेत. आपल्या कोकणात अशी घरे नाहीत असे कोण म्हणेल? अशा माणसाला दारात कवटी टांगलेली पाहून हसू येत नाही. पाळकांच्या डोळ्यांपुढे अशी माणसे असतील, तर त्यांचा इतिहास चुकीचा असला तरी त्यांची काळजी खरी आहे.

बेळगावच्या गृहस्थांनी मुलीला यातले काहीच सांगितले नाही. त्यांनी आपल्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घराशेजारी एक ब्राह्मण कुटुंब होते. गणेशचतुर्थीला त्या घरच्या काकू नैवेद्य दाखविण्यापूर्वीच अकरा मोदक वेगळे काढून ठेवीत आणि ते झाकून यांच्या घरी पाठवीत. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. यांच्या आई त्याच ताटलीत नाताळला करंज्या घालून परत देत. "त्या मोदकांविषयी तुमच्या आजोबांनी कधी प्रश्न केला नाही," ते म्हणाले, "आता तू तुझ्या शेजारणीला विचार, की त्या रात्री ती कोणाला काय वाहते?"

मुलीने खरोखरच विचारले. शेजारीण गोंधळली, तिने दुकानातून पिशवी आणली होती, एवढेच तिला ठाऊक होते. मुलगा गेला. हाडांचा सापळा होण्याचा त्याचा हट्ट होता, तो आईने मानला नाही. शेवटी तो मेंढपाळ दावीद होऊन, हातात गोफण घेऊन, चार घरे फिरून आला. तिने पाळकांनाही ते आपणहून सांगितले, आणि त्यांना ते फारसे आवडले नाही.

तेथील कित्येक प्रॉटेस्टंट चर्चेसमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्या वर्षात निवर्तलेल्या सभासदांची नावे वाचतात आणि प्रत्येक नावाला एक घंटा देतात. मुलाची आजी, म्हणजे या गृहस्थांची पत्नी, त्याच वर्षी वैशाखात बेळगावी वारली होती. ती त्या मंडळीची सभासद नव्हती. तरी तिचे नाव यादीत घ्यावे म्हणून मुलीने चिठ्ठी दिली, आणि त्याच पाळकांनी ते मराठी नाव दोनदा विचारून, नीट उच्चारून वाचले.