मऊ गादी कोणासाठी?

आपल्याकडे ज्या हिरव्या-पिवळ्या, निळ्या-पांढऱ्या चिमुकल्या पक्ष्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हटले जाते, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. ते असतात बजरीगार. दुकानदारांच्या भाषेत 'बजी'. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगार ऑस्ट्रेलियातले. नावाची ही गल्लत तशी निरुपद्रवी वाटते, पण घरट्याचा प्रश्न आला की ती पक्ष्याच्या जिवावर बेतते. लव्हबर्डची मादी सालीचे, कागदाचे तुकडे चोचीने कातरते आणि पोकळीत नेऊन रीतसर घरटे रचते. बजरीगारची मादी काडीसुद्धा उचलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर पाऊस पडून गेला की हे थवे निलगिरीच्या जुन्या झाडांच्या ढोल्या शोधतात, आणि तळाशी जो काही कुजलेल्या लाकडाचा भुगा असेल त्यावरच अंडी घालतात. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ही पाखरे जिवंत इंग्लंडला नेली. तेव्हापासून जगभर पिंजऱ्यात त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तरी ही सवय बदललेली नाही.

आपल्या डोळ्यांसमोर मात्र बाळंतिणीची खोली असते. पाखरू अंडी घालणार म्हटले की घरात धांदल उडते. कोणी कापूस आणतो, कोणी जुन्या लुगड्याचा तुकडा, कोणी लोकरीचा गुंडा. हे सारे प्रेमापोटी, यात शंका नाही. पण कापसाचा आणि लोकरीचा धागा पिलाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट वाढते, धागा वाढत नाही. रक्त थांबून ते बोट काळे पडते. गादी हवी असते ती आपल्या मनाला.

मग तळ मोकळाच ठेवावा का? तर तसेही नाही. खोक्याचा तळ सपाट आणि गुळगुळीत असेल तर त्याहून वाईट प्रकार घडतो. पिले उघडी, आंधळी जन्मतात आणि आई त्यांच्यावर बसते. तिच्या भाराखाली त्यांचे पाय दोन्ही बाजूंना सरकतात, धरायला काही नसते. हाडे कोवळी आहेत तोवर हे लक्षात आले तर पक्ष्यांचा डॉक्टर दोन्ही पाय हलकेच जवळ बांधून ते ताळ्यावर आणू शकतो. हाडे टणक झाली की ते पाखरू जन्मभर पोटावर सरपटते. दांडीवर बसणे त्याच्या नशिबी नाही. म्हणून तळाला मधोमध बशीसारखा खोलगटपणा कोरलेला हवा, आणि त्यावर पाय रुतेल असा लाकडाचा पातळ थर.

या थरासाठी सुताराकडे धाव घेण्याची आपली रीत आहे, आणि तिथेच जपायला हवे. सुताराच्या दुकानात जमिनीवर पडलेला भुसा एका लाकडाचा नसतो. त्यात सागवान असते, प्लायवूड असते, त्या प्लायवूडमधला रासायनिक सरस आणि वर पॉलिशही असते. सागाच्या धुळीने खुद्द काही सुतारांच्या अंगाला खाज सुटते. तेव्हा पिठासारखा भुसा नकोच. पांढऱ्या पाइनच्या कोऱ्या, सुक्या लाकडावर रंधा मारून निघालेल्या कुरळ्या ढलप्या समोर काढून घ्याव्यात.

'देवदार' या शब्दापासूनही सावध राहावे. खोक्यांच्या स्वस्त लाकडाला आपल्याकडे सरसकट देवदार म्हणतात. खरा देवदार हिमालयातला, आणि त्याचे सुवासिक तेल किडे पळवणारे. ज्या वासाने कसर पळते, तो बंद खोक्यात दिवसरात्र नाकाशी ठेवणे पाखराला परवडत नाही. परदेशातून आलेल्या माल-खोक्याचे लाकूड असेल तर त्यावरचा शिक्का वाचावा. 'एचटी' म्हणजे ते उष्णता देऊन किडमुक्त केलेले. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेले. दुसरे घेऊच नये.

एवढी काळजी कशाला, असे वाटेल. पण पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नाही. फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतले बरेवाईट सारे झपाट्याने रक्तात उतरते. ब्रिटनच्या कोळसाखाणींत विषारी वायूची वर्दी मिळावी म्हणून १९८६ पर्यंत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत असत, ते याचसाठी. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाच्या खोक्यात पिसवा होऊ नयेत म्हणून डांबराची गोळी टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कुंभाराच्या मडक्याबद्दल मात्र माझे मत चांगले आहे. आडवे टांगून तोंडाशी पुरेसे भोक ठेवलेले मडके तळाला आपोआपच खोलगट असते, खरखरीत असते, ओल शोषते. आतून रंगवलेले वा झिलई दिलेले तेवढे घेऊ नये. त्याचा दोष एकच, आत डोकावता येत नाही आणि धुता येत नाही. एक वीण झाली की ते फोडून नवे आणावे, महाग नसते. लाकडी खोक्याला सरकते दार करून घेतले तर रोज नजर टाकता येते. पिले मोठी होऊ लागली की थर भिजतो. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलावा. मादी कधी कधी ढलप्या चोचीने बाहेर भिरकावते. तिच्यावर रुसू नये, पुन्हा मूठभर टाकावी.

गवत आणि भाताचा पेंढा नको. आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, आणि अॅस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसात घर करते. कोकणात आणि मुंबईत तर जून ते सप्टेंबर घरटेच टांगू नये. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये मात्र साधे वर्तमानपत्र उत्तम. ही पुरवणीही वाचून झाल्यावर त्या कामी यायला माझी हरकत नाही. रोज सकाळी कागद बदलताना विष्ठा पातळ झाली का, रंग बदलला का, हे दिसते आणि आजार लवकर कळतो. तकतकीत मासिकाचा कागद ओल शोषत नाही, तो टाळावा.

पण यापूर्वीचा एक प्रश्न कोणी विचारीत नाही: घरटे टांगायचेच कशाला? पिंजऱ्याबरोबर दुकानदार मडकेही देतो आणि आपण ते शोभेसारखे लावतो. पाखराला झोपायला खोके लागत नाही, दांडी पुरते. काळोखी पोकळी दिसली की मादीला ते अंडी घालण्याचे आमंत्रण वाटते. दिवसाआड एक, अशी चार-सहा अंडी, अठरा दिवसांची उबवण, मग महिनाभर पिलांचे भरवणे. ती बाहेर पडतात न पडतात तोच पुढची अंडी. अंगातला चुना आटलेल्या मादीच्या पोटात अंडे अडकले की बहुधा ती जगत नाही. वर्षाला दोन विणी पुष्कळ झाल्या. दुसऱ्या विणीतली पिले स्वतः दाणे फोडून खाऊ लागली की खोके उतरवावे, उकळत्या पाण्याने धुवावे, कडक उन्हात वाळवावे आणि माळ्यावर ठेवून द्यावे. मादी चार दिवस त्या रिकाम्या कोपऱ्यात चोच मारील, मग विसरेल.